डेमो चालला, टाळ्या वाजल्या

दर वर्षी दिवाळीनंतर माझा एक शनिवार-रविवार गावाकडे जातो. गाव म्हणजे बोरगाव मेघे. वर्ध्याला इतकं चिकटलेलं की वर्धा कुठे संपलं ते ऑटोवाल्यालाच ठाऊक. यावेळी जवळच्याच एका शाळेतून फोन आला, "इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग प्रकल्प स्पर्धेला परीक्षक म्हणून येता का?" पुण्यातला सॉफ्टवेअरवाला, त्यातून गावचाच, आणि फुकट. गेलो.

चाळीसेक टेबलं होती. त्यात स्मार्ट डस्टबिन सात, अंधांसाठी काठ्या पाच. सगळ्यांवर तोच दोन डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर, तीच निळी छोटी सर्वो मोटर. हे किट ऑनलाइन मिळतं, कुठली वायर कुठल्या पिनला लावायची त्या कागदासकट. एका कोडच्या वर तर मूळ लेखकाचं नावसुद्धा तसंच होतं. आता कॉपी-पेस्टला माझा विरोध नाही, आमचा अख्खा धंदा त्यावर चालतो :) पण "इथे २० लिहिलंय, ते २० काय?" असं विचारल्यावर मुलगी सरांकडे बघते, सर माझ्याकडे बघतात आणि मी चहाकडे, याला काय म्हणायचं?

एका कोपऱ्यात नववीतला एक मुलगा होता. जमिनीतला ओलावा मोजून मोटर चालू करायचं यंत्र. तेही जुनंच, पण याच्या सेन्सरचे पाय खाऊन गेलेले होते. विचारलं, हे काय?
"सर, आठ दिवसांत हिरवं पडलं. करंट सतत चालू राहते न, म्हणून ओल्या मातीत सडते."
"मग?"
"मग मी करंट तासातून एकच सेकंद द्यायला लावला. रीडिंग घ्यायचं अन् बंद. दुसरा सेन्सर महिनाभर टिकला."
शंभर पानी वही होती. तारीख, वेळ, आकडा. मधे चार दिवस कोरे, कारण "डब्यात पाणी गेलं".

त्या दिवशी त्याचं यंत्र चाललं नाही. पहिला नंबर डस्टबिनला. झाकण उघडलं, दिवे लागले, इंग्रजीतून भाषण झालं. 'सादरीकरण' या रकान्यात मीसुद्धा त्या मुलाला दहापैकी चारच दिले. छापील कागदावर 'चुकांचा शोध' असा रकानाच नव्हता, आणि मी तो पेनने वाढवला नाही. हा राग आहे तो आधी माझ्यावर आहे.

पैसा नाही, असं कुणी म्हणू नये. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबला शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान आहे. इन्स्पायर-मानकमध्ये निवड झालेल्या मुलाला प्रतिकृतीसाठी १० हजार मिळतात. पैसा आहे, सोल्डरिंग गन आहे. पण आपण बक्षीस देतो ते चार मिनिटं चालणाऱ्या वस्तूला. मग मुलं (आणि पालक, आणि सर) चार मिनिटांचीच वस्तू करणार. ऑफिसात कुणी "माझ्या मशीनवर चालतं" म्हटलं की आपण हसतो. इथे त्यालाच ढाल देतो.

गंमत म्हणजे याच्या नेमकी उलटी स्पर्धा वर्ध्याच्या लोकांना तरी आठवायला हवी. १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं. १९२९ चे एक लाख! अटी वाचा आणि गार व्हा. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. एका बाईला आठ तास फार न दमता चालवता आला पाहिजे. आठ तासांत १६,००० फूट सूत. किंमत १५० रुपयांच्या आत. वेळोवेळी देखभाल करून २० वर्षं टिकला पाहिजे, आणि त्या देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको. आमच्या कंपनीत एवढं स्वच्छ रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी अजून पाहिलेलं नाही. किर्लोस्करवाडीला तयार झालेलं काळे यांचं यंत्रसुद्धा कसोटीला उतरलं नाही. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच दिलं गेलं नाही, कारण कुणीच अटी पुऱ्या केल्या नाहीत. टाळ्या वाजवून वेळ मारून नेली नाही.

"अहो, ती लहान मुलं आहेत, उत्साह महत्त्वाचा." हे मला स्टाफरूममध्ये ऐकवलं गेलं. मान्य. वीस वर्षं नकोत, एक महिना पुरे. तो मुलगा नववीतलाच होता आणि कुणी न सांगता त्याने महिना काढला होता. उत्साह मारला कुणी, मी का त्याने?

शिवाय विषय शोधायला लांब जायला नको. आपल्याकडे शेतातल्या पंपाला 'ऑटो' लावलेला असतो. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, शेतकऱ्याला रात्री दोनला बांधावर जावं लागत नाही. पण सगळ्यांच्या मोटरी एका क्षणी सुरू होतात, ट्रान्सफॉर्मरवर एकदम लोड येतो आणि तो जळतो. मग महावितरण वर्षानुवर्षं सांगतं, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. प्रत्येक ऑटोने सुरू होण्याआधी वेगवेगळी मिनिटं थांबायचं ठरवलं तर? नेटवर्कवाल्यांना ही युक्ती नवी नाही, एकाच वेळी सगळ्यांनी धडकू नये म्हणून आपण रोज वापरतो. आठवीतल्या पोराला दहा ओळींत जमेल. ते दहा पंपांवर एक हंगाम चालवून बघणं मात्र टेबलावर मावत नाही, म्हणून स्पर्धेत येत नाही.

पुढच्या वर्षी बोलावलं तर (या लेखानंतर बोलावतील का ते बघू) एकच मागणं करणार आहे: मागच्या वर्षीचं यंत्र अजून चालतंय ते घेऊन या, निदान का बंद पडलं ते सांगा, आणि त्यालाही नंबर ठेवा.

निघताना त्या मुलाने विचारलं होतं, "सर, डब्यात पाणी जाऊ नये म्हणून काय लावते?" मला माहीत नव्हतं. "बघून सांगतो" म्हटलं आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. नंतर पुण्याच्या गाडीत बसून शोधलं, वायर शिरते तिथे रबरी ग्लँड लावायची आणि डब्याचं तोंड खाली करायचं, एवढंच. त्याच्या शाळेचं नाव गुणपत्रिकेवर होतं, आणि गुणपत्रिका मी जमा करून आलो होतो.