जिवंत होतं तोवर ते कुणाचं होतं?

प्रति,
जखमी वन्यप्राण्याला हात लावण्याचा अधिकार ज्यांना आहे, आणि तो इतरांना देण्याचाही अधिकार आहे, अशा वन, पशुसंवर्धन व महसूल खात्यांतल्या सर्व मान्यवरांस,



मी हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातला शेतकरी. सोयाबीन, तूर आणि दीड एकर हळद. हरणांचं आणि माझं फारसं बरं नाही, हे आधीच सांगून टाकतो. सोयाबीन दोन पानांवर आलं की कळप उतरतो आणि एका रात्रीत ओळीच्या ओळी साफ करतो. रोही वेगळे, डुकरं वेगळी. आखाड्यावर जागलीला बसून मी त्यांना घातलेल्या शिव्या या पत्रात बसणार नाहीत.

तर गेल्या कार्तिकात, सकाळी सहाच्या सुमारास, माझ्याच धुऱ्यावर एक मादी हरीण पडलेलं दिसलं. अकोला-नांदेड रस्ता चौपदरी झाल्यापासून गाड्या थांबत नाहीत. तिकडूनच कुणीतरी उडवलं असणार. मागचा उजवा पाय ढोपराखाली नुसता कातड्यावर लोंबत होता. तीन कुत्री मागावर आली होती, ती आधी हाकलली. शेजारच्या आजी मूठभर हळद घेऊन धावत आल्या. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हाला अभिमान आहे, पण मोडलेल्या हाडापुढे ती काय करणार?

आणि मी काय केलं? तांब्याने तिच्या तोंडात पाणी ओतलं. बळजबरीने पाजलेलं पाणी फुप्फुसात उतरतं, हे बैलाला औषध पाजताना एकदा अंगावर आलेलं, तरी त्या घडीला सुचलं नाही. ती ठसकली. तिच्या बरगड्यांवर हात ठेवला तर आतलं काळीज एकेक ठोका मोजता येणार नाही इतकं धावत होतं. कान मात्र प्रत्येक आवाजाकडे वळत होते, आणि आवाज तर वाढतच होते. अर्ध्या तासात चाळीसेक माणसं जमली आणि त्यातल्या निम्म्यांचे मोबाइल बाहेर आले. एका पोराने फोटोसाठी तिची मान उचलून धरली, तेव्हा मी ओरडलो. मग उपरणं काढून तिच्या डोळ्यांवर टाकलं. डोळे झाकले तशी ती जरा शांत झाली.

वनखात्याला फोन मी साडेसहालाच लावला होता. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला. पण गाडी दुसऱ्या टोकाला गेलेली, माणसं दोनच. मग आमच्या ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वनखात्याचं पत्र नसताना हात लावला तर उद्या मलाच उत्तर द्यावं लागेल." तरी त्यांनी फोन ठेवला नाही. आडवं पडू देऊ नका, छातीवर बसतं करा, नाहीतर पोट फुगेल, दूध पाजू नका, माणसं हटवा. ते सांगत गेले आणि मी करत गेलो. त्यांच्यावर माझा राग नाही.

शेजाऱ्याचा छोटा हत्ती टेम्पो दारात उभाच होता. त्यात कडबाही अंथरला. पण कुणीतरी अमेठीच्या सारसाची आठवण काढली. एका तरुणाने जखमी सारस सांभाळून बरा केला, तो पक्षी त्याच्या मागे-मागे फिरू लागला आणि 2023 मध्ये सारस कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला, तरुणावर गुन्हा दाखल झाला. हे आमच्या गावातल्या प्रत्येकाने मोबाइलवर पाहिलेलं. तिथे पक्षी वर्षभर ठेवून घेतला होता, आम्हाला फक्त दवाखाना गाठायचा होता, हा फरक मला कळतो. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दात पकडणंही येतं, आणि आमच्याकडचं हरीण म्हणजे काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. धुऱ्यावर उभ्या चाळीस माणसांत यावर खात्रीने बोलेल असा एकही नव्हता. गाडीचं इंजिन बंद झालं.

दहा वाजून वीस मिनिटांनी ती गेली. पायाच्या जखमेने हरीण इतक्या लवकर मरत नाही. त्याला भीती मारते: पळून आणि धसकून स्नायू आतून निकामी होतात, काळीज बंद पडतं. त्यात माझं पाणीही असेल.

वनखात्याची गाडी अकरानंतर आली. पंचनामा झाला, पंच म्हणून माझी सही घेतली. त्याच कायद्याचं 39 वं कलम सांगतं की मेलेला सापडलेला वन्यप्राणी शासनाची मालमत्ता. म्हणजे दहा-वीसला ती सरकारी झाली. त्याआधीचे चार तास ती कुणाची होती, हे मला तुमच्याकडून लेखी हवं आहे.

रस्त्यावर माणूस जखमी झाला तर त्याला उचलणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा राहतो. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आली. हरणासाठी एवढं मोठं काही मागत नाही. तालुक्यातल्या पशुवैद्यकांना प्रथमोपचारापुरती कायमची लेखी परवानगी आधीच देऊन ठेवा. 'फोन करून, सांगितल्याप्रमाणे नेणाऱ्यावर कारवाई होणार नाही' असं एक परिपत्रक काढा आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. शेजारी 1926 हा हॅलो फॉरेस्टचा क्रमांक आणि बीटच्या वनरक्षकाचा नंबर तेलरंगाने लिहा, कागद पावसात जातो. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, चांगलं आहे, पण मोडक्या पायाने तिथवर कोण पोचणार? परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हिंगोली, परभणी, नांदेड मिळून त्याच्या आधाराने एक केंद्र का होऊ नये?

तोवर माझ्या आखाड्यावर पत्र्याची एक खोली आहे. हळद शिजवायच्या दिवसांपुरतीच ती लागते, एरवी रिकामी, अंधारी आणि रस्त्यापासून लांब. पिंजरा, जाळी, स्ट्रेचर जे ठेवायचं ते ठेवा. भाडं नको. चावी कुणाच्या हाती द्यायची, तेवढं कळवावं.

आपला,
कळमनुरी तालुक्यातला एक शेतकरी