कागद कुणी द्यायचा?

नळ तोडला त्या दिवशी मी गोदीत दुसऱ्या पाळीला होतो. रात्री घरी आलो तर आई रिकामा हंडा पुढ्यात घेऊन बसलेली. मालकाचा माणूस सांगून गेला होता, 'खोली खाली करा. तुमच्याकडं कागद काय आहे?' नऊ वर्षं आईनं दर पाच तारखेला त्याच माणसाच्या हातावर भाडं ठेवलं. पावती एक नाही. आहे ती कॅलेंडरवर पाच तारखेला पेन्सिलीनं मारलेली फुली.

चाळ म्हणाली, कागद नाही तर केस नाही. मीही तेच समजत होतो. दहावी पास, वर कविता लिहिणारा, आणि डोक्यात मालकानं भरलेला कायदा!

दोस्तांनो, खरा कायदा ऐका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा, लागू ३१ मार्च २००० पासून. कलम ५५ म्हणतं, खोली भाड्यानं द्या नाहीतर लीव्ह-लायसनवर, करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नसेल नोंदवला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पावती देणंही त्याच्यावरच, कलम २६. आणि पाणी-वीज तोडली तर कलम २९ खाली कोर्टात अर्ज करून ती परत जोडून मागता येते.

म्हणजे गुन्हा मालकाचा. आणि कागद मागतोय तोच, माझ्या आईकडं!

अकरा महिन्यांची भानगडही अशीच. एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचा करार नोंदवायला नको. ही पळवाट १९०८ च्या नोंदणी कायद्यातली, वर्षावरच्या भाडेपट्ट्याची. महाराष्ट्रात कलम ५५ पुढं ती चालत नाही. अकरा हा आकडा तसा आपल्या ओळखीचा. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना जागा मिळेना, पारशी नावानं ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं दारात उभी. आता लाठी लागत नाही. फोनवर आडनाव विचारतात आणि खोली 'आत्ताच गेली' होते. या भाडे कायद्यात त्यावर कलम नाही. तो उंबऱ्याच्या आत गेल्यावर सुरू होतो.

मालकाच्या हातातही हत्यार आहे, ते विसरू नका. लीव्ह-लायसनचा लेखी करार असेल तर कलम २४ खाली त्यात लिहिलंय तेच अखेरचं. मुदत संपून बसलात तर दुप्पट पैसे. समन्स आल्यापासून तीस दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, की हुकूम तुमच्याविरुद्ध. म्हणून सहीआधी वाचा, नाहीतर वाचून घ्या. साध्या भाडेकरूवर थकबाकीचा दावा लागला तर समन्सपासून नव्वद दिवसांत थकलेलं भाडं पंधरा टक्के व्याजासकट कोर्टात भरा, पुढचं भरत राहा, दाव्याचा खर्च द्या. खोली वाचते.

आणि घरातलं सांगतो. आपल्यातलाही एखादा चार खोल्या काढतो, जयभीम घालतो, भाडं रोख घेतो. पावती तोही देत नाही. त्याला काय म्हणायचं?

मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. दहा बाय बारात पाच माणसं, आणि वाद लघु! मालक स्वतः येत नाही, त्याचा वकील येतो. आपली मात्र तारीख म्हणजे बुडालेली पाळी. तिथंच माणूस थकतो आणि दावा सोडून देतो. मालक कायद्यावर नाही, आपल्या थकण्यावर जगतो. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं उत्पन्न न बघता सरकारी वकील फुकट मिळतो. हे चाळीत किती जणांना ठाऊक आहे? आपण भिंती रंगवतो, मोर्चे काढतो. मग प्रत्येक चाळीत समन्स वाचून दाखवणारा एक पोरगा का नसावा?

आईनं नऊ वर्षांची पानं पिशवीत भरलीत. मंगळवारी तारीख आहे. मुकादमाला सांगून ठेवलंय, येणार नाही.