संघ कोणाचा, नांव कोणाचें ?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें, पुतणे किंवा नातवंडें आज अमेरिकेंत आहेत. आणि सुटींत घरीं आलेल्या नातवाच्या बोलण्यांत 'आमची टीम' हा शब्द वारंवार येतो. आजोबांना वाटतें, पोरगा एखाद्या क्लबाचा सभासद झाला असेल. आजीला वाटतें, खेळतो आहे तें बरें, प्रकृति सुधारेल. प्रत्यक्षांत तो खेळत नसतो. तो पाहत असतो, आणि बहुधा पाहून दुःखी होत असतो. हें दुःख कोणत्या जातीचें असतें तें आम्ही अनुभवानें जाणतों. ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड शहरांत आम्हीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें काढलीं, आणि तेथील फुटबॉल व बेसबॉल या दोन संघांना जी निष्ठा एकदां वाहिली ती अद्याप परत घेतलेली नाहीं. या महिन्याचें सदर त्यांनाच द्यावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळांविषयीं दोन शब्द. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ समजावा. बाजूला नऊ गडी, नऊ डाव, एक चेंडू फेंकणारा व एक तो गोल दांड्यानें टोलविणारा, एवढें कळलें कीं बाकीचें पाहून उमगतें. मोसमांत १६२ सामने होतात. म्हणजे वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ रोजचेंच जेवण. तेथील फुटबॉल मात्र आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, आणि तो पायापेक्षां हातांतच अधिक. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें, न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाचा. त्याचे सामने मोसमांत अवघे सतरा, आणि बहुतेक रविवारीं. बेसबॉल हें नित्यकर्म, तर फुटबॉल हें व्रत. आणि व्रत मोडल्याची हळहळ नित्यकर्म चुकल्याहून अधिक असते हें घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना सांगावयास नको.

क्लीव्हलंड हें इरी सरोवराच्या दक्षिण तीरावरील कारखान्यांचें गांव. रॉकफेलरनें आपली प्रसिद्ध तेलाची कंपनी १८७० सालीं येथेंच काढली. १९५० सालीं या गांवाची वस्ती ९ लाख १४ हजार होती; २०२० च्या शिरगणतींत ती ३ लाख ७२ हजारांवर आली. कारखाने बसले, लोक पांगले. कांहीं उपनगरांत गेले, कांहीं दूरच्या राज्यांत. परंतु कोकणांतला चाकरमानी मुंबईस कितीहि रमला तरी गणपति आले कीं गांवच्या गाडीला गर्दी करतो, तसे हे पांगलेले लोक जेथें असतील तेथें रविवारीं एकत्र जमून आपल्या गांवचा संघ पाहतात. घर विकलें तरी संघ विकतां येत नाहीं, कारण तो मुळीं त्यांच्या मालकीचाच नसतो. आमच्या विवेचनाचें मर्म येथेंच आहे.

ब्राऊन्स हा फुटबॉलचा संघ १९४६ सालीं निघाला आणि पॉल ब्राउन या त्याच्या पहिल्या प्रशिक्षकाच्या आडनांवावरून त्याचें नांव पडलें. ज्या लीगमध्यें तो प्रथम खेळला तींतलीं चारहि वर्षांचीं अजिंक्यपदें त्यानेंच मिळविलीं. ती लीग मोडल्यावर १९५० सालीं तो नॅशनल फुटबॉल लीगमध्यें आला, आणि पहिल्याच वर्षीं तेथेंहि अजिंक्य ठरला. पुढें १९५४, १९५५ आणि १९६४. त्यानंतर नाहीं. सुपर बोल म्हणून जो अंतिम सामना १९६७ पासून होतो त्यांत या संघानें अद्याप पाऊल टाकलेलें नाहीं. दोनदां अगदीं उंबरठ्यावरून परत यावें लागलें. जानेवारी १९८७ मध्यें डेन्व्हरच्या जॉन एल्वेनें अखेरच्या मिनिटांत संघाला ९८ यार्ड पुढें नेऊन बरोबरी साधली, आणि जादा वेळांत सामना गेला. पुढच्याच जानेवारींत त्याच डेन्व्हरविरुद्ध अर्नेस्ट बायनरच्या हातून चेंडू निसटला, तो गोलरेषा हाताशीं आली असतांना. पानिपत म्हटलें कीं आपल्याकडे साल सांगावें लागत नाहीं, तसें 'ती मजल' आणि 'तो निसटलेला चेंडू' एवढें म्हटलें कीं क्लीव्हलंडमध्यें पुरतें. बायनरनें त्याच सामन्यांत दोन टचडाउन केले होते, हें मात्र लोक सोयीस्करपणें विसरतात.

परंतु पराभव हा संसारांतलाच भाग होय. १९९५ सालीं जें घडलें तें पराभवाच्या सदरांत बसत नाहीं. १९६१ पासून संघाचा मालक असलेल्या आर्ट मोडेलनें ६ नोव्हेंबर १९९५ रोजीं बाल्टिमोर शहरीं जाऊन जाहीर केलें कीं, संघ आतां येथें आणीत आहों. दुसऱ्याच दिवशीं क्लीव्हलंडच्या लोकांपुढें मतदानाचा प्रश्न होता: जुन्या क्रीडागृहाच्या दुरुस्तीसाठीं दारू व सिगारेट यांवरील कर पुढें चालूं ठेवावा कीं नाहीं ? लोकांनीं मोठ्या बहुमतानें 'ठेवावा' असा कौल दिला. आदल्या दिवशीं मुलगा घर सोडून निघाला, आणि दुसऱ्या दिवशीं घरच्यांनीं त्याच्या खोलीच्या डागडुजीला पैसे काढून ठेवले, असा तो प्रकार होता. १७ डिसेंबरला जुन्या मैदानावर शेवटचा सामना झाला. ब्राऊन्सनीं तो जिंकला. लोकांनीं रागाच्या भरांत बाकें उपटून मैदानांत फेंकलीं. ही दांडगाई आम्हांस पसंत नाहीं. पण सामना संपल्यावर खेळाडू आपण होऊन त्याच प्रेक्षकांकडे धांवत गेले आणि त्यांना मिठ्या मारूं लागले, तें दृश्य आठवलें कीं निषेधाचे शब्द तोंडांतच राहतात.

मैदानाचा भाडेकरार १९९८ पर्यंतचा असल्यामुळें शहरानें कोर्टांत धांव घेतली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्यें तडजोड झाली. ती मोठी विलक्षण होती. संघाचें नांव, तपकिरी व नारिंगी रंग आणि १९४६ पासूनचा सारा इतिहास क्लीव्हलंडचा. खेळाडू व नोकरवर्ग मोडेलचा. आणि १९९९ पर्यंत त्याच नांवाचा संघ शहराला मिळावयाचा. आपल्याकडे वांटण्या होतात तेव्हां भांडीं, दागिने, आंब्याचीं झाडेंसुद्धां मोजून वांटतात. पण जाणाऱ्या भावाला 'आडनांव तेवढें मागें ठेवून जा' असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. येथें नेमकें तेंच झालें. कुलवृत्तांत मूळ घरीं राहिला आणि माणसें तेवढीं निघून गेलीं. जुनें क्रीडागृह पाडून त्याचा राडारोडा इरी सरोवरांत सोडण्यांत आला. माशांना त्याचा आसरा झाला. तीन वर्षें रविवारीं काय करावें हें गांवाला सुचत नव्हतें.

ठरल्याप्रमाणें १९९९ सालीं ब्राऊन्स नांवाचा नवा संघ उभा राहिला. इकडे बाल्टिमोरला गेलेल्या मंडळींनीं रेव्हन्स असें नवें नांव घेतलें, आणि जानेवारी २००१ मध्यें सुपर बोल जिंकला ! त्या संघाची जुळवाजुळव करणारा ऑझी न्यूसम हा स्वतः तेरा मोसम ब्राऊन्सकडून खेळलेला. त्या रात्रीं क्लीव्हलंडच्या घराघरांत काय झालें असेल तें वाचकांनींच कल्पावें. नव्या संघाचें वर्णन लांबविण्यांत अर्थ नाहीं. २०१६ सालीं त्यानें सोळांपैकीं एक सामना जिंकला, आणि २०१७ सालीं एकहि नाहीं. तेव्हां जानेवारी २०१८ मध्यें हजारों लोकांनीं कडाक्याच्या थंडींत क्रीडागृहाभोंवतीं मिरवणूक काढली. एक पूर्ण फेरी म्हणजे एक शून्य! त्याच निमित्तानें गोरगरिबांच्या अन्नछत्रासाठीं मदतहि गोळा केली. स्वतःच्या दुर्दैवाची अशी वरात काढणारें गांव आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

बेसबॉलची कथा याच्या उलट आहे. हा संघ १९०१ पासून अमेरिकन लीगमध्यें आहे, आणि वर्ल्ड सिरीज त्यानें दोनदांच जिंकली, १९२० आणि १९४८ सालीं. १९२० च्या ऑगस्टमध्यें रे चॅपमन हा त्याचा लाडका खेळाडू डोक्यावर चेंडू बसून मरण पावला, आणि त्याच शोकांत संघानें तें वर्ष जिंकलें. १९४८ च्या विजयाचा अर्थ याहून मोठा होता. अमेरिकन लीगमधील पहिला कृष्णवर्णी खेळाडू लॅरी डोबी हा आदल्या वर्षीं जुलै महिन्यांत याच संघांत आला होता. वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यांत त्याच्या टोल्यानें जय मिळाल्यावर चेंडू फेंकणाऱ्या गोऱ्या ग्रोमेकनें त्याला गालाला गाल लावून मिठी मारली, तें छायाचित्र देशभर छापून आलें. ज्या काळीं दोघांना एका उपाहारगृहांत शेजारीं बसणें पुष्कळ ठिकाणीं अशक्य होतें, त्या काळची ही मिठी.

त्यानंतर विजय नाहीं. आज त्या खेळांत एवढी लांब प्रतीक्षा दुसऱ्या कोणत्याहि संघाच्या वांट्याला नाहीं. १९५४ सालीं १५४ पैकीं १११ सामने जिंकून अंतिम फेरींत चारहि हरले. १९९७ सालीं सातव्या सामन्याच्या नवव्या डावांत विजय मुठींत होता, तो अकराव्यांत गेला. आणि २०१६ ! शिकागोच्या कब्जविरुद्ध तीन सामने जिंकून एकच गमावला होता. सातव्या सामन्यांत मागें पडलों असतांना आठव्या डावांत राजाई डेव्हिसनें टोला हाणून ६–६ अशी बरोबरी केली. मग पाऊस आला, सतरा मिनिटें खेळ थांबला, आणि दहाव्या डावांत ८–७ असा घात झाला. त्या पावसाला आम्हीं अजून क्षमा केलेली नाहीं.

हें सारें चालू असतां प्रेक्षकांत एक ढोल वाजत असे. जॉन ॲडम्स नांवाचा एक गृहस्थ १९७३ च्या ऑगस्टमध्यें ढोल घेऊन अगदीं मागच्या स्वस्त बाकांवर येऊन बसला, आणि पुढें २०१९ पर्यंत, गडी तळांवर पोंचून आशा उत्पन्न झाली कीं, तो तो वाजवीत असे. दरिद्री वर्षांत ऐंशीं हजारांच्या क्रीडागृहांत चार-पांच हजार डोकीं असत, आणि त्या ओसाडींत त्याच्या ढोलाचा आवाज घुमे. २०२३ च्या जानेवारींत तो वारला. त्याला संघानें पगार दिला नाहीं, संघाच्या मालकीपैकीं एक पैहि त्याची नव्हती. तरी 'संघ कोणाचा' असें कोणी विचारलें तर आमचें बोट प्रथम त्याच्याकडे वळतें.

आतां नांवाविषयीं. १९१५ पासून २०२१ पर्यंत या संघाचें नांव 'इंडियन्स' होतें, आणि टोपीवर दांत विचकणाऱ्या, तांबड्या तोंडाच्या एका आदिवासीचें चित्र असे. आम्ही खरेखुरे इंडियन ती टोपी घालून बसलों कीं शेजारचे हंसत, आणि आम्हीहि हंसत असूं. परंतु ज्यांच्या पूर्वजांची ती भूमि, ते लोक वर्षानुवर्षें क्रीडागृहाबाहेर उभे राहून सांगत होते कीं, ही आमची विटंबना आहे. परदेशांतील एखाद्या क्लबानें शेंडी व घेऱ्याचें व्यंगचित्र टोपीवर छापून 'हा तुमचा सन्मानच आहे' असें म्हटलें, तर आपल्या घरांतील वडील मंडळी काय म्हणतील ? २०१९ पासून तें चित्र पोशाखावरून गेलें, आणि २०२२ च्या मोसमापासून संघ 'गार्डियन्स' झाला. क्रीडागृहाजवळच्या पुलाच्या दोन्हीं टोकांना १९३२ पासून ज्या प्रचंड पाषाणमूर्ति रखवालदारासारख्या उभ्या आहेत, त्यांवरून हें नांव घेतलें. पुष्कळ जुने मित्र अजूनहि रागावलेले आहेत. त्यांचा राग आम्हांस कळतो; बापानें ज्या नांवाचा जयघोष शिकविला तें नांव सोडणें सोपें नसतें.

पण दोन्हीं प्रकार शेजारीं ठेवून पाहावे. फुटबॉलमध्यें नांव राहिलें आणि माणसें गेलीं. बेसबॉलमध्यें नांव गेलें आणि माणसें राहिलीं. कोणता व्यवहार बरा, असें आम्हांस विचाराल तर दुसरा, आणि तोहि निःसंशय. मालकीच्या कागदांत गांवाच्या वांट्याला काय येतें तें १९९६ सालीं दिसलें: रंग, आठवणी आणि एक आडनांव. तें थोडें नव्हे. पण रविवारीं मैदानांत उतरावयाला माणसें लागतात.

हा प्रश्न जुना झाला असेंहि समजूं नये. ब्राऊन्सचे सध्यांचे मालक संघाला सरोवराकांठून उचलून विमानतळाजवळच्या ब्रुक पार्क या उपनगरांत, छप्पर असलेल्या नव्या क्रीडागृहांत नेणार आहेत. त्यासाठीं राज्यानें २०२५ च्या अर्थसंकल्पांत ६० कोटी डॉलर देण्याचें ठरविलें, तेहि लोकांच्या बेवारस राहिलेल्या ठेवींच्या निधींतून. त्यावर दावेहि लागले. शहरानें प्रथम विरोध केला आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मालकांशीं तडजोड केली. नांव तेंच, माणसें तींच, फक्त गांवाची वेस ओलांडली. आमच्या मतें हें १९९५ एवढें दुःख नव्हे. पण ज्यांच्या विसरलेल्या पैशांतून हें छप्पर उभें राहावयाचें त्यांना कोणी विचारलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस खटकते.

जुन्या जागेचा करार २०२८ च्या मोसमापर्यंत आहे. ज्यांचीं मुलें त्या बाजूला आहेत त्यांनीं तत्पूर्वीं एखाद्या डिसेंबरांत तेथें जावें, आणि जातांना दोन घोंगड्या न्याव्या. एक अंगावर घ्यावयाला आणि एक बाकावर घालावयाला. सरोवरावरचा वारा फार वाईट आहे.