अनिश्चिततेचा ताप

अमेरिकेतील बहुतेक खगोलशास्त्र विभागांची पीएच.डी.च्या अर्जांची मुदत डिसेंबरात संपते. आपल्याकडे बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. भौतिकशास्त्र करून तिकडे जाऊ पाहणारी मुले हे दिवस शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांच्या मागे लागण्यात घालवतात. यंदा त्यांना आणखी एक काम आहे, ते म्हणजे रोज सकाळी बातम्या पाहणे. आदल्या रात्री वॉशिंग्टनमध्ये कोणता नियम बदलला, याचा अंदाज घेऊनच अर्ज भरायचा.

हार्वर्डचे उदाहरण घ्या. २२ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने या विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच रद्द केला. विद्यापीठ दुसऱ्या दिवशी न्यायालयात गेले आणि न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांनी त्याच दिवशी स्थगिती दिली. २७ मेला जगभरातील अमेरिकी वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती ठरवू नका, असा आदेश गेला. ४ जूनला अध्यक्ष ट्रम्प यांनी हार्वर्डला येणाऱ्या नव्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात प्रवेशबंदी जाहीर केली. लगेच तीही न्यायालयाने अडवली. १८ जूनला मुलाखती पुन्हा सुरू झाल्या, पण समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवण्याच्या अटीवर. चार आठवड्यांत दार इतक्या वेळा उघडले आणि मिटले. त्या दाराच्या आत सुमारे ६,८०० परदेशी विद्यार्थी होते, म्हणजे विद्यापीठाच्या एकूण विद्यार्थिसंख्येच्या २७ टक्के.

हे सारे ज्या वर्षी घडले, ते वर्ष हार्वर्डच्या खगोलशास्त्रासाठी शताब्दीचे होते. सेसिलिया पेन ही इंग्लंडमधली विद्यार्थिनी. केंब्रिजमध्ये ती शिकली, पण स्त्रियांना पदवी देण्याची तिथे तेव्हा पद्धत नव्हती. ती १९४८ मध्ये सुरू झाली. इंग्लंडात राहिले तर शाळेत शिकवण्यापलीकडे काही हाती लागणार नाही हे ओळखून ती १९२३ मध्ये शिष्यवृत्तीवर हार्वर्डच्या वेधशाळेत दाखल झाली. तिथे काचेच्या छायाचित्रपट्टांवर टिपलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटांचा मोठा साठा होता. तो वाचण्याची किल्ली मात्र कोलकात्याहून आली होती. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेले आयनीभवनाचे समीकरण पेनने त्या वर्णपटांना लावले आणि १९२५ च्या प्रबंधात निष्कर्ष काढला, की तारे प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. ताऱ्यांची घडण साधारण पृथ्वीसारखीच असते, असे तेव्हाचे मोठे शास्त्रज्ञ मानत. हेन्री नॉरिस रसेल यांच्या दबावामुळे तिला आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचले.

या कथेला गोड रंग देण्याचे कारण नाही. हार्वर्डनेही पेनला बाई म्हणून पीएच.डी. दिली नाही, ती रॅडक्लिफ महाविद्यालयाकडून मिळाली. प्राध्यापकपद मिळायला १९५६ साल उजाडले. आणि ज्या साहांचे समीकरण अमेरिकेत इतके उपयोगी पडले, त्यांच्या देशबांधवांना तिथे स्थायिक होण्याची बंदी १९२४ च्या कायद्याने आणखी पक्की झाली. तरीही एक गोष्ट खरी आहे. पेनला दोन वर्षे कोणी उठवले नाही. पैसे ठरलेले होते, जागा ठरलेली होती, साठा खुला होता. संशोधनाला एवढे पुरते.

आजच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच तीन आधार हलत आहेत. परदेशी शिक्षण म्हटले की आपल्याकडे शैक्षणिक कर्ज आणि गहाण ठेवलेले घर डोळ्यांपुढे येते. खगोलशास्त्राच्या पीएच.डी.चे गणित वेगळे आहे. अमेरिकेत तिला शुल्क माफ असते आणि वर विद्यावृत्ती मिळते. हार्वर्डमध्ये २०२४ पासून ती वर्षाला किमान ५० हजार डॉलर आहे. (एजंट मंडळी पीएच.डी.चे नाव सहसा काढत नाहीत, महागड्या मास्टर्सकडेच मुलांना वळवतात, त्याचे कारण वेगळे सांगायला नको.) पण हा पैसा येतो कुठून? काही विद्यापीठाकडून आणि बराचसा मार्गदर्शकाला नासा किंवा राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडून मिळालेल्या अनुदानातून. प्रतिष्ठानची स्वतःची पदवीधर शिष्यवृत्ती फक्त अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना मिळते. त्यामुळे मार्गदर्शकाचे अनुदान आटले तर परदेशी विद्यार्थी आधी उघडा पडतो. व्हाइट हाउसने २०२६ साठी मांडलेल्या अंदाजपत्रकात नासाच्या विज्ञान विभागाची रक्कम जवळजवळ निम्मी आणि प्रतिष्ठानची निम्म्याहून कमी करण्याचा प्रस्ताव होता. अशा प्रस्तावावर अंतिम शब्द काँग्रेसचा असतो. पण विद्यापीठे तोवर थांबत नाहीत. ‘हार्वर्ड क्रिमझन’ या तिथल्या विद्यार्थी दैनिकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या बातमीनुसार, विज्ञान शाखेतील पीएच.डी.च्या जागा पुढची दोन वर्षे ७५ टक्क्यांहून अधिक कमी होणार आहेत.

दुसरा घोळ मुदतीचा. एफ-१ व्हिसावर आलेला विद्यार्थी आजवर अभ्यासक्रम चालू असेपर्यंत राहू शकत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रस्तावित झालेल्या नियमात ही मुभा जास्तीत जास्त चार वर्षांची करायची आहे. पुढे राहायचे तर सरकारकडे वेगळा अर्ज. खगोलशास्त्राची पीएच.डी. साधारण पाच ते सहा वर्षे चालते. दुर्बिणीवर वेळ मागायचा, तो मिळायची वाट पाहायची, त्या रात्री ढग आले तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायचे, मग विश्लेषण. म्हणजे प्रबंधाचे काम ऐन भरात असताना मुदतवाढीची टांगती तलवार. पीएच.डी.नंतर वर्षभर, आणि विज्ञान शाखांना आणखी दोन वर्षे, कामाची परवानगी मिळते. त्यापुढच्या एच-१बी व्हिसावर सप्टेंबरमध्ये एक लाख डॉलरचे शुल्क लागले. अमेरिकेत राहूनच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. मधले चार आठवडे मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कसे काढले असतील, याचा विचार तो नियम लिहिणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही.

इथे प्रश्न आरोग्याचा होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवले जात. कोणत्या दगडाखाली साप आहे हे त्यांनी ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा छोटा, पण दुखणारा धक्का. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून ताण तपासला गेला. धक्का नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण सर्वाधिक नव्हता. बसेल की नाही याची शक्यता अर्धी-अर्धी होती, तेव्हा तो सर्वाधिक होता. बायोप्सीच्या अहवालासाठी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून राहिलेले नातेवाईक ज्याने पाहिले आहेत, त्याला याचे नवल वाटणार नाही. वाईट बातमी कळली की माणूस पुढच्या तयारीला लागतो. अर्धवट बातमीत त्याला काहीच करता येत नाही.

हा ताण मुळातच ताणलेल्या मनावर पडतो. ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये २०१८ साली आलेल्या पाहणीत २६ देशांतील २,२७९ विद्यार्थी होते, त्यांतले ९० टक्के पीएच.डी. करणारे. त्यांच्यापैकी ४१ टक्क्यांच्या उत्तरांत मध्यम ते तीव्र चिंतेची, तर ३९ टक्क्यांच्या उत्तरांत तशाच नैराश्याची लक्षणे दिसली. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ६ टक्के धरले होते. पाहणी ऐच्छिक असल्याने त्रास असलेलेच जास्त पुढे आले असतील. तेवढी सूट देऊनही आकडा लहान राहत नाही. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत त्यात भर पडते ती घरी येण्याच्या भीतीची. २०२५ मध्ये अनेक विद्यापीठांनी आपल्या परदेशी विद्यार्थ्यांना गरज नसेल तर देशाबाहेर जाऊ नका, असा सल्ला दिला. वडिलांची अँजिओप्लास्टी असो की बहिणीचे लग्न, यावे की न यावे हा निर्णय व्हिसाचा शिक्का पाहून घ्यावा लागतो.

बोस्टनमध्ये हिवाळ्यात दुपारी साडेचारच्या आसपास अंधार पडू लागतो आणि घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते. अशा ठिकाणी बसलेल्या मुलाचा ‘सगळं ठीक आहे’ हा शब्द घरच्यांनी तपासून घ्यायला हवा. झोप उडणे किंवा दिवसभर झोपणे, जेवण टाळणे, फोन न उचलणे, आवडीच्या कामातूनही मन उडणे, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर डॉक्टरांना भेटायला सांगावे. विद्यार्थ्यांना सक्तीने विमा घ्यावा लागतो. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात समुपदेशनही मिळते. समुपदेशन घेतले तर व्हिसा जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट, आजारपणात अभ्यासाचा भार कमी करण्याची किंवा काही काळ थांबवण्याची सोय एफ-१च्या नियमांतच आहे. एका अभ्यासक्रमात एकूण बारा महिन्यांपर्यंत ती वापरता येते. डॉक्टर किंवा मानसोपचार-तज्ज्ञाचे पत्र लागते, आणि भार कमी करण्याआधी विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची मंजुरी. आधी विषय सोडायचे आणि मग पत्र आणायचे, असे केले तर मात्र खरोखरच व्हिसा अडचणीत येतो.

दुसरी वाट पुण्यातून जाते. २० मे २०२५ रोजी, म्हणजे हार्वर्डचा परवाना रद्द होण्याच्या दोनच दिवस आधी, जयंत नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले. १९५७ मध्ये ते केंब्रिजला शिकायला गेले, फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि १९७२ मध्ये परतले. १९८८ मध्ये ‘आयुका’ उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. जवळच खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जिच्यावर वेळ मिळावा म्हणून परदेशी शास्त्रज्ञही अर्ज करतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’ला २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ती चालवायला पुढच्या दहा वर्षांत प्रशिक्षित माणसे लागणारच आहेत. त्यामुळे हार्वर्डबरोबर आयुका आणि एनसीआरए यांच्या प्रवेश परीक्षेचा अर्जही भरणारा विद्यार्थी कमी महत्त्वाकांक्षी ठरत नाही. फक्त इथल्या व्यवस्थेने एक हिशेब चुकता करायला हवा. केंद्राच्या कनिष्ठ संशोधकाला महिना ३७ हजार रुपये विद्यावृत्ती ठरलेली आहे, आणि ती महिनोन्महिने रखडते ही तक्रार देशभरातील संशोधक विद्यार्थी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ही अनिश्चितता वॉशिंग्टनहून आलेली नाही.