बायोडाटातले न उलगडणारे पद

समाजाच्या परिचय मेळाव्यांसाठी निघणाऱ्या पुस्तिकांत अलीकडे काही नवी पदनामे दिसू लागली आहेत. गोत्र, शिक्षण, उंची, अपेक्षा हे रकाने वडीलधारी मंडळी सराईतपणे वाचतात. पण व्यवसायाच्या रकान्यात ‘बिल्ड अँड रिलीज इंजिनिअर, हिंजवडी’ असे आले की नजर क्षणभर थबकते. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे एवढे कळते. परंतु तो बनवतो काय? बँकेचे ॲप, दुकानाची बिलिंग प्रणाली, रेल्वेचे आरक्षण, यांपैकी ‘हे माझे’ म्हणून बोट ठेवून दाखवावे असे त्याच्याजवळ काही नसते. ‘ॲप बनवणाऱ्यांना जे लागते ते मी सांभाळतो,’ असे तो सांगतो. उत्तर खरे असते, पण ऐकणाऱ्याला ते अपुरे वाटते आणि पान उलटले जाते.

पिढ्यान्‌पिढ्या धान्य, कापड वा किराणा यांचा व्यापार केलेल्या घरांना हे काम कळणे वस्तुतः अवघड नाही. हिंजवडी हे गाव मुळशी तालुक्यातले. शेजारच्या माण, मारुंजी या गावांच्या परिसरात आज राजीव गांधी इन्फोटेक पार्क पसरले आहे आणि इन्फोसिस, विप्रो, टीसीएस अशा कंपन्यांचे हजारो अभियंते तेथे रोज येतात. याच तालुक्याची जुनी ओळख आंबेमोहोर तांदळाची. शेतातले भात थेट ताटात येत नाही, हे तेथील व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. ते गिरणीत जाते, भुसा वेगळा होतो, खडे निवडले जातात, तुकडा तांदूळ बाजूला पडतो, वजन होऊन पोती शिवली जातात आणि मग माल दुकानी येतो. प्रोग्रामर जे लिहितो ते भात होय. संगणकाला ते तसेच चालत नाही. शेकडो माणसांनी लिहिलेल्या हजारो फाइली योग्य क्रमाने एकत्र कराव्या लागतात, यंत्राच्या भाषेत उतरवाव्या लागतात, तपासाव्या लागतात आणि चालू कारभार न थांबवता सर्व्हरवर पोहोचवाव्या लागतात. मोठ्या कंपनीत हे दिवसातून शेकडो वेळा घडते. ही गिरणी उभारणारा आणि चालती ठेवणारा तो बिल्ड इंजिनिअर.

या कामाचा उगम एका वाया गेलेल्या सकाळीत आहे. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन तणतणत आले. एका प्रोग्राममधील चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती, आणि चूक तर आधीच दुरुस्त झालेली होती! दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. म्हणजे नवा माल कोठारात पडून, आणि विक्री जुन्याची चालली होती. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांनाही हाच अनुभव आलेला. त्यांनी ‘मेक’ नावाचे छोटे साधन लिहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे ते ध्यानात ठेवते, आणि जी बदलली तिच्यापुरतेच काम पुन्हा करते. त्यात ओळीच्या आरंभी ‘टॅब’ची कळ दाबण्याचा एक अडचणीचा नियम राहून गेला होता. तो बदलावा असे फेल्डमन यांच्या मनात आले, तोवर डझनभर मित्र ते साधन वापरू लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच राहिला. त्या डझनभरांच्या सोयीसाठी जगभरचे प्रोग्रामर आजही ती कळ दाबत आहेत. २००३ साली ‘मेक’साठी फेल्डमन यांना एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

गिरणीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे उदाहरण व्यापारी वाचकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअर बाजारातली मोठी दलाल कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजारात एक नवी योजना सुरू होणार होती, म्हणून कंपनीने आपल्या ८ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवला. चढवणाऱ्या तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षे वापरात नसलेला जुना भाग तसाच पडून होता. नव्या आज्ञेने तो जागा झाला आणि भराभर खरेदी-विक्री करीत सुटला. ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले. कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले, आणि पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. बाजार उघडण्यापूर्वी संगणकाने त्या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना आपोआप धाडले होते. त्यांकडे कोणी लक्ष दिले नाही. अमेरिकेच्या बाजार-नियामकाने चौकशीअंती नोंदवलेली एक उणीव अगदी साधी आहे : चढवलेला प्रोग्राम दुसऱ्या व्यक्तीने ताडून पाहावा असा लेखी नियमच कंपनीत नव्हता. पेढीवर रोजमेळ लिहिणारा एक आणि ताळा पाहणारा दुसरा, ही पद्धत ज्या घरांत आजोबा-पणजोबांपासून चालत आली, त्यांना या वाक्याचे मोल निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

हा ताळा यंत्राकडून करून घेण्याचे श्रेय बऱ्याच अंशी कोसुके कावागुची या जपानी अभियंत्याकडे जाते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत असताना त्यांनी दिलेल्या कोडमुळे सर्वांचे काम अडे आणि बोल त्यांना लागे. त्याला कंटाळून २००४ साली त्यांनी असा प्रोग्राम लिहिला की, प्रत्येक बदल येताच तो सारे जुळवून तपासून पाही आणि बिघाड लगेच कळवी. आज तो ‘जेन्किन्स’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या चिन्हावर इंग्रजी घरातील अदबशीर कारभारी उभा आहे. मराठी मुलखात तो निघाला असता तर चिन्हावर बहुधा मुनीमजी बसले असते.

पुण्यालाही या परंपरेत स्थान आहे. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटा समूहाचे संशोधन व संरचना केंद्र, म्हणजे टीआरडीडीसी, १९८१ साली पुण्यात सुरू झाले. तेथे काम केलेले केशव नोरी हे त्यापूर्वी झुरिचमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटात होते; पास्कल भाषेचा जो कंपायलर कोणत्याही नव्या संगणकावर नेता येई, त्याच्या कर्त्यांपैकी ते एक. त्या कंपायलरची युक्ती मोठी मार्मिक होती. तो एका काल्पनिक, साध्या यंत्रासाठी आज्ञा तयार करी. नव्या संगणकावर तेवढे साधे यंत्र उभे केले की बाकी सारे जसेच्या तसे चाले. पुढे याच पुण्याच्या केंद्रातून प्रोग्राम लिहिणारी साधने निघाली. ‘मास्टरक्राफ्ट’ हे त्यांपैकी एक. ही नावे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर क्वचितच आली असतील.

पायाभूत कामाचे असेच असते. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते आणि मुंबईत दिवे लागतात. दिवा लावणाऱ्याला मुळशी आठवत नाही. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली जाणार होत्या त्यांनी सेनापती बापटांसह १९२१ साली सत्याग्रह केला, हेही फार थोड्यांना ठाऊक असते. सॉफ्टवेअरच्या जगातही अनेक मोठ्या प्रणाली एखाद्या एकट्या, विनावेतन राबणाऱ्या माणसाच्या साधनावर उभ्या आहेत. ‘एक्सझेड’ हे असेच एक साधन. त्याची देखभाल करणारा थकलेला पाहून एक अनोळखी व्यक्ती मदतीस आली, दोन वर्षांहून अधिक काळ नेकीने काम करून तिने विश्वास कमावला, आणि मग चोरवाट घुसवली. ती उघड्यावर ठेवलेल्या कोडमध्ये पूर्णत्वाने दिसतच नव्हती; बिल्डच्या टप्प्यावर ती आत शिरत असे. धान्य निवडलेले, पण भेसळ गिरणीत! मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरमध्ये प्रवेश मिळायला अर्धा सेकंद जादा लागतो हे खटकले. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, आणि जगभरच्या असंख्य सर्व्हरवरचे संकट टळले.

या वाटेने जाणाऱ्या तरुणाची खरी अडचण पगाराची नसते. वार्षिक मूल्यमापनात ‘मी हे बनवले’ असे सांगणारे पुढे जातात. ‘माझ्यामुळे अमुक बिघडले नाही’ हे दाखवायचे कसे? हिशेब मात्र मांडता येतो. समजा २०० प्रोग्रामर आहेत आणि प्रत्येकाला दिवसातून ३ वेळा बिल्डसाठी थांबावे लागते. एकाने ती प्रतीक्षा प्रत्येक वेळी १० मिनिटांनी कमी केली, तर कंपनीचे रोज १०० तास वाचले. व्यापाऱ्याच्या मुलाने हा हिशेब वरिष्ठांपुढे ठेवायला लाजू नये. दुसरी गोष्ट अशी की, तयार साधनांची बटणे दाबण्यापुरते शिकलेल्याची जागा पक्की नाही. ते काम यंत्राकडे चालले आहे. आता कोडही यंत्रे लिहू लागल्यामुळे माल वाढला आहे, आणि म्हणून चाळण्या जाणणाऱ्याची गरजही वाढली आहे. बँक असो, रुग्णालय असो की कारखाना, गिरणी सर्वत्र लागते, त्यामुळे ही विद्या एका धंद्याला बांधलेली राहत नाही.

तेव्हा पुस्तिकेतल्या त्या पदापाशी नजर थबकली तर पान उलटण्याऐवजी मुलाला, अथवा मुलीला, कारण या कामात मुलीही आहेत, एक प्रश्न विचारून पाहावा. बिघाड झाला की या लोकांना रात्री-अपरात्री फोन येतात. गेल्या वर्षी असे किती वेळा उठावे लागले, आणि त्याच्या आदल्या वर्षी किती वेळा?