पट्टी पोराने पाहिली, खर्चाची वही कुणी दाखवली?

घरात दहावी-बारावीला असलेल्या पोराला एकदा विचारून बघा, "बाबा, आपल्या घरात वर्षाला किती पैसे येतात?" बहुधा तो दोनपैकी एक आकडा सांगेल. एक तर आडत्याच्या पट्टीवरचा, नाही तर तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा. पहिला फार मोठा, दुसरा बऱ्याचदा फारच लहान. खरा आकडा या दोन्ही कागदांवर नसतो.

पट्टीचेच घ्या. समजा, एकरी आठ क्विंटल सोयाबीन झाले. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये. तो पदरात पडलाच असे धरू (तो कितीदा पडतो हे तुम्हाला सांगायला नको), तर एकरी ४२,६२४ रुपये झाले. पाच एकरांचे दोन लाख तेरा हजार. पोराच्या डोक्यात एवढेच बसते, की दिवाळीला बापाच्या हातात दोन लाख आले आणि मोबाईल मागितला तर नाही म्हणतो! पण बियाण्याची बॅग, खत, फवारण्या, निंदणी, सोंगणीचा गुत्ता, मळणीयंत्राचे भाडे, कृषी सेवा केंद्राची जूनपासूनची उधारी या गोष्टी पट्टीवर छापलेल्या नसतात. शिवाय उरलेल्या पैशात पुढचे पीक येईपर्यंत घर चालवायचे. नोकरदाराच्या पोराला महिन्याचा पगार कळला की काम झाले. आपल्याकडे हिशेब कुणीतरी मांडून दाखवावा लागतो, आणि आपण तो दाखवत नाही. सोसायटीचे कर्ज आहे हे पोराला कळते ते नोटीस दारात आल्यावर.

आणखी एक गोष्ट पोरांना दिसत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत २०१८-१९ सालचे देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी उत्पन्न महिना १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३, पिकातून खर्च वजा जाता ३,७९८ आणि जनावरांचे १,५८२. म्हणजे मजुरी पिकाच्या पुढे! माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, डेअरीचे बिल येते, ते पोराच्या लेखी 'किरकोळ'. घर शेतावर चालते असे तो समजतो, आणि आपणही तसेच सांगत आलो.

याचा फटका पोरींना जास्त बसतो. बापाची ओढाताण तिला दिसते, आकडा माहीत नसतो. मग "आपल्याला परवडणार नाही" असे स्वतःच ठरवून ती जवळच्या कॉलेजात नाव घालते, घरी विचारतही नाही. वास्तविक ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणाच्या आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. वसतिगृह, मेस, एसटीचा खर्च यात धरलेला नाही, तो घरूनच करायचा. म्हणून तर घरात नेमके काय उरते हे तिला आधी कळायला हवे.

गावच्या भाऊसाहेबांनाही विनंती आहे. तलाठी म्हणा की आता ग्राम महसूल अधिकारी, जून महिन्यात दाखल्यासाठी पोरे तुमच्याकडेच येतात. घाई असते हे मान्य. तरी हा आकडा कशाकशाचा धरला, शेतीचा किती आणि मजुरीचा किती, एवढे दोन मिनिटांत सांगता येईल.

तुम्ही इतकेच करा. पट्टी हातात आली त्या संध्याकाळी जुनी वही काढा आणि पोरीला लिहायला बसवा. एका बाजूला पट्टी, दूध, आईचे मजुरीचे दिवस, पीएम किसानचे सहा हजार. दुसऱ्या बाजूला दुकानाची बिले, भाडे, सोसायटी. आणि दुकानदाराने बिल दिले नसेल, तर ते आणायला तिलाच सोबत न्या.