‘काही नाही रे, झोप झाली नाही!’

कट्ट्यावर एखादा आठवडाभर गप्प असला की आपण काय विचारतो? ‘काय रे, ब्रेकअप का?’ मग हशा. तोही हसतो, ‘काही नाही रे, झोप झाली नाही’ म्हणतो. विषय संपला.

‘एनसीआरबी’च्या २०२२च्या अहवालात देशभरात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद आहे. दर दहांत सात पुरुष. सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात. कारणं अनेक असतात, पण मदत मागायला उशीर होतो तो या ‘काही नाही रे’मुळेही. विराट कोहली २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात नैराश्यात होता. ते त्याने उघडपणे सांगितलं २०२१मध्ये. सात वर्षं, आणि तो तर कोहली!

‘मुलांनो, बोला’ अशी पोस्टर्स कॉलेजात लागतात. लागू देत. पण तो बोलला, तर समोर तुम्हीच असणार ना? ग्रुपमध्ये विचारू नका, त्याला एकट्याला गाठा. टपरीपर्यंत चालत जा. ‘जिम लाव’छाप सल्ले नकोत, नुसतं ऐका. तरी प्रकरण जड वाटलं, तर १४४१६. सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन. मोफत, चोवीस तास, मराठीतही. फोन लावताना ‘थांब ना जरा’ म्हणाला, तर लेक्चर बुडवा.